कळकलेले पाणी आणि कामकरी जंतू

तांब्या-पितळेची भांडी आपल्याला नवी नाहीत. पूर्वी गावात कल्हईवाला यायचा. झाडाखाली भट्टी पेटवायचा, भाता हलवायचा. घरोघरच्या बायका पातेली-तपेली घेऊन त्याच्याकडे जायच्या. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवू नये, चिंचेची आमटी ठेवू नये, हे लहान पोरीलाही ठाऊक असायचे. का? तर ताक कळकते. त्याला हिरवट झाक येते. चव बिघडते. असले ताक पोटात गेले तर मळमळते, ओकारी होते.

कळकते म्हणजे नेमके काय होते? ताक आंबट असते. आंबटामुळे भांड्याचे थोडे तांबे विरघळते आणि ताकात उतरते. मीठ पाण्यात टाकले की दिसेनासे होते. पण ते नाहीसे होते का? नाही. जीभ सांगते की मीठ आहे. तसेच हे तांबे. डोळ्याला दिसत नाही, पण ताकात असते.

आता असे पाहा. पातेल्यातले ताक कळकले तर आपण ते ओतून देतो. पण ओढाच कळकला तर? विहीर कळकली तर? ती कुठे ओतून द्यायची? आज आपण त्याच गोष्टीचा विचार करू. आणि त्या कामी डोळ्यांना न दिसणारे बारीक जंतू कसे उपयोगी पडू लागले आहेत, तेही पाहू. हे जंतू पाणी साफ करायला मदत करतात आणि जाता जाता थोडी वीजही देतात.

धातू सडत नाही

शेण कुजते. पालापाचोळा कुजतो. मेलेले जनावरही काही दिवसांनी मातीत मिळते. हे काम जंतू करतात. ते सारे खाऊन टाकतात.

धातूचे तसे नाही. तांबे, शिसे, जस्त, क्रोमियम, कॅडमियम हे सारे धातू. धातू जळून जात नाही, कुजून जात नाही. त्याच्यावर गंज चढेल, त्याचा भुगा होईल, तो पाण्यात विरघळेल. पण तो जगातून नाहीसा होणार नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाईल, एवढेच. नाल्यातून नदीत, नदीतून शेतात, शेतातून पिकात आणि पिकातून आपल्या पोटात.

कुणी म्हणेल, "त्यात काय एवढं? पाणी उकळून प्यावं." नाही, इथेच आपली चूक होते. उकळल्याने रोगाचे जंतू मरतात. पण धातू काही जिवंत नसतो, मग तो मरणार कसा? उलट उकळताना पाण्याची वाफ होऊन जाते आणि धातू मागे उरतो. म्हणजे उरलेल्या पाण्यात तो जास्तच दाट होतो. फडक्याने गाळले तरी विरघळलेला धातू फडक्यातून आरपार जातो. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण विरघळलेल्या धातूबाबत तुरटीवर भरवसा ठेवता येत नाही. ब्लीचिंग पावडर टाकली तर जंतू मरतील, धातू राहील.

हा धातू पाण्यात येतो कुठून? काही ठिकाणी तो जमिनीतूनच येतो. पण पुष्कळदा तो माणसाच्या कामातून येतो. नव्या सायकलचे हॅण्डल पाहा. कसे चकचकीत असते! त्या लोखंडावर क्रोमियमचा मुलामा दिलेला असतो. मुलामा देताना वस्तू धातूच्या पाण्यात बुडवतात, मग धुतात. ते धुतलेले पाणी तसेच सोडले तर धातू नाल्यात जातो. कातडी कमावण्याचे कारखाने, खाणी, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याच्या जागा, इथूनही धातू पाण्यात जातो.

जिंझू नदीकाठची गोष्ट

जपान देशात तोयामा नावाचा जिल्हा आहे. तिथून जिंझू नदी वाहते. नदीकाठचे लोक आपल्या कोकणातल्या लोकांसारखे भातशेती करतात. नदीचे पाणी पाटाने खाचरात घ्यायचे, भात लावायचा, तेच पाणी प्यायचे, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम.

नदीच्या वरच्या अंगाला कामिओका इथे मोठी खाण होती. तिथे जस्त काढत. जस्ताबरोबर कॅडमियम नावाचा धातू निघे. तो खाणीच्या पाण्यातून नदीत जाई. नदीतून तो खाचरात गेला, खाचरातून भातात, भातातून माणसात. एका दिवसात काही झाले नाही. वर्षानुवर्षे तो अंगात साठत गेला. मग लोकांची हाडे ठिसूळ होऊ लागली. त्यातही हा रोग जास्त करून उतारवयाच्या बायकांना झाला, ज्यांची पुष्कळ बाळंतपणे झाली होती अशांना. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडावी, अशी दशा झाली. त्या बाया कण्हत, "इताई, इताई!" जपानी भाषेत इताई म्हणजे दुखते. त्या रोगाचे नावच 'इताई-इताई' पडले.

आधी लोकांना रोगाचे कारणच कळेना. हे खाणीच्या कॅडमियममुळे होते, असे जपान सरकारने १९६८ मध्ये जाहीर केले. गावकरी कोर्टात गेले होते. १९७१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. वरच्या कोर्टानेही १९७२ मध्ये तोच निकाल कायम ठेवला. पण शेतातली माती तर बिघडलीच होती. ती दुरुस्त करण्याचे काम तीस वर्षांहून जास्त चालले आणि २०१२ मध्ये पुरे झाले.

पाहा, धातू पाण्यात सोडायला काही खर्च नाही. पण तो परत काढायला एक पिढी जाते. म्हणून धातू ओढ्यात जाण्याआधीच, कारखान्याच्या दारातच धरला पाहिजे.

चुन्याचा उपाय

दारात धरायचा म्हणजे कसा? एक उपाय आज पुष्कळ कारखाने करतात. घाण पाण्यात चुना किंवा तसलेच काही घालतात. मग विरघळलेल्या धातूचा साका होतो आणि तो तळाला बसतो. वरचे पाणी निवळते. उपाय चांगला आहे आणि नीट केला तर कामही होते.

पण मग तळाचा गाळ उरतो. त्यात चार-पाच धातू एकत्र मिसळलेले. त्यांचा उपयोग करणे अवघड. हा गाळ नीट बंदिस्त जागी ठेवावा लागतो. उघड्यावर टाकला तर पावसाने भिजतो आणि विष पुन्हा जमिनीत मुरते. म्हणजे घरातला केर काढून अंगणात टाकल्यासारखे झाले.

म्हणून शास्त्रज्ञ विचार करू लागले. पाण्यातले तांबे पुन्हा तांबे म्हणूनच बाहेर काढता येईल का? तेही बाहेरची वीज न जाळता? इथे जंतू मदतीला आले.

चिखलातले जंतू

जंतू म्हटले की आपल्याला पटकी आठवते, विषमज्वर आठवतो. पण सारेच जंतू वाईट नसतात. दुधाचे दही कोण करते? विरजणातले जंतू. गोबरगॅसच्या खड्ड्यात शेणापासून गॅस कोण करते? तेही जंतूच. आज ज्यांची ओळख करून घ्यायची, ते जंतू चिखलात राहतात.

चुलीतले लाकूड जळायला हवा लागते. हवा बंद केली की विस्तव विझतो. आपल्या अंगातही अन्न असेच हळूहळू 'जळते', म्हणून आपल्याला श्वास लागतो. अन्नातून ताकद काढताना विजेचे अगदी बारीक कण मोकळे होतात. त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. हे कण कुणाच्या तरी हवाली करावेच लागतात. आपण ते हवेतल्या प्राणवायूच्या हवाली करतो. म्हणून तर श्वास कोंडला की माणूस मरतो.

पण चिखलात खोलवर प्राणवायू नसतो. भाताच्या खाचरात हात घालून पाहा. वरचा पातळ थर तांबूस असतो आणि खालचा चिखल काळसर. तिथे जंतू जगतात कसे? तिथे काही जंतू आपले विजेचे कण मातीतल्या लोखंडाच्या गंजाला देतात! आपण हवेत श्वास सोडावा, तसे ते गंजाच्या आधारावर जगतात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहराजवळून पोटोमॅक नदी वाहते. तिच्या गाळात १९८७ मध्ये डेरेक लव्हली या शास्त्रज्ञाला असा एक जंतू सापडला. त्या जातीच्या जंतूंना 'जिओबॅक्टर' म्हणतात. पुढे शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. गंजाच्या जागी कार्बनची दांडी ठेवली. टॉर्चच्या जुन्या सेलमध्ये काळी दांडी असते ना, तशी. जंतू त्या दांडीवर थर करून बसले आणि विजेचे कण दांडीला देऊ लागले. दांडीला तार जोडली की तारेतून वीज वाहू लागली.

जंतूंपासून वीज मिळते ही गोष्ट मात्र त्याही आधीची आहे. इंग्लंडमध्ये पॉटर नावाच्या प्राध्यापकाने १९११ मध्येच ती दाखवून दिली होती. पण वीज इतकी थोडी होती, की पुष्कळ वर्षे तिच्याकडे कुणी फारसे पाहिले नाही.

दोन खोल्यांचे यंत्र

आता हे यंत्र कसे असते ते समजून घेऊ. एक पेटी डोळ्यांपुढे आणा. तिच्या मध्ये एक पडदा आहे. पडद्याने दोन खोल्या झाल्या आहेत.

डावीकडची खोली जंतूंची. तिला आपण जंतूघर म्हणू. त्यात कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावर जंतू बसतात. त्यांना खायला काय? सांडपाणी. कुजके, नासके जे काही जंतू खाऊ शकतात ते. या खोलीत हवा जाऊ द्यायची नाही. हवा मिळाली तर जंतू विजेचे कण हवेला देतील आणि तार कोरडी राहील.

उजवीकडची खोली धातूची. तिला धातूघर म्हणू. त्यात कारखान्याचे धातू मिसळलेले पाणी सोडतात. तिथेही एक पट्टी असते. दोन्ही पट्ट्या बाहेरून तारेने जोडलेल्या असतात.

आता काय होते ते पाहा. जंतूघरात जंतू घाण खातात आणि विजेचे कण पट्टीला देतात. कण तारेतून धातूघरात जातात. तिथे पाण्यात विरघळलेले तांबे त्या कणांची वाटच पाहत असते. कण मिळाले की विरघळलेले तांबे पुन्हा घट्ट तांबे होते आणि पट्टीवर चढते. कळकलेल्या ताकातले तांबे परत भांड्याला चिकटले, असे समजा. पाणी साफ झाले, तांबे हाती आले आणि कण तारेतून गेले तीच वीज मिळाली. तिकडे जंतूघरातली घाणही कमी झाली.

कुणी विचारील, "मग जंतू आणि धातूचे पाणी एकत्रच का नाही ठेवत? पडदा कशाला?" चांगला प्रश्न आहे. जास्त धातू जंतूंनाही विषारी असतो. त्यात टाकले तर ते मरतील. म्हणून त्यांचे घर वेगळे. ते आपल्या घरात बसून काम करतात आणि कामाचे फळ तेवढे तारेतून शेजारच्या घरी पोचते. दोन्हीकडचा हिशेब जुळावा म्हणून पडद्याच्या वाटे दुसरे काही बारीक कण जातात. पण विषारी पाणी जंतूंच्या घरात शिरू द्यायचे नाही, हे पडद्याचे मोठे काम.

नेदरलँड्स देशात वाखनिंगन इथे शेतीचे नावाजलेले विद्यापीठ आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असा प्रयोग छापून प्रसिद्ध केला. त्यात पाण्यातले तांबे शंभरात नव्व्याण्णव भागांहून जास्त निघाले. आणि निघाले ते चक्क शुद्ध तांबे. चुन्याचा मिसळलेला गाळ नव्हे.

उतार आणि चढ

मग सारेच धातू असे निघतात का? नाही. धातूधातूंत फरक आहे.

पाटाचे पाणी उताराने आपोआप धावते. पण विहिरीतले पाणी वर आणायचे तर मोट लागते किंवा पंप लागतो. तसेच इथे आहे. तांबे आणि चांदी विजेचे कण आवडीने घेतात. त्यांच्याकडे कण उताराने जातात, म्हणून वीज मिळते. जस्त आणि कॅडमियम कण सहजासहजी घेत नाहीत. त्यांना घट्ट करायचे तर कण चढावर ढकलावे लागतात. त्यासाठी बाहेरून थोडी वीज द्यावी लागते. जिंझू नदीत जो कॅडमियम होता तो या चढावरचा. म्हणजे तिथे वीज मिळाली नसती, उलट घालावी लागली असती.

क्रोमियमची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते दोन रूपांत आढळते. एक पिवळे रूप. मुलामा देण्याच्या पाण्यात ते असते. ते फार विषारी. कातडीवर पडले तर जखमा करते. त्याचा धूर नाकात गेला तर नाकाच्या आतला पडदा फाटतो आणि पुढे फुप्फुसाचा कर्करोगही होऊ शकतो. शिवाय ते पाण्याबरोबर दूर दूर जाते. दुसरे रूप हिरवट. ते पुष्कळ कमी विषारी असते आणि चुना घातला की तळाला बसते.

विजेचे कण मिळाले की पिवळ्याचे हिरवट होते. हेही काम उतारावरचे, म्हणजे वीज मिळते. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी असे प्रयोग करून २००८ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र इथे शुद्ध धातूचा पत्रा मिळत नाही. साकाच मिळतो, आणि तो सांभाळून ठेवावाच लागतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. जे पाण्यात गेलेच नाही, ते काढावेही लागत नाही. आपली कोल्हापुरी पायताणे पाहा. त्यांचे कातडे जुन्या पद्धतीने बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. त्यात क्रोमियम लागत नाही. साऱ्याच चामड्याचे काम असे होईल, असे आम्ही म्हणत नाही. पण विष मुळात कमी वापरणे, हाच पहिला उपाय.

जमिनीच्या पोटातला प्रयोग

धातू जमिनीखालच्या पाण्यात उतरला असेल तर? ते पाणी पेटीत कसे आणणार? अमेरिकेत कोलोराडो राज्यात रायफल नावाचे गाव आहे. तिथे पूर्वी खनिजाचा कारखाना होता. तो बंद पडला, पण त्याच्यामुळे जमिनीतल्या पाण्यात युरेनियम उतरले होते. हाही एक विषारी धातू.

तिथे २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी जमिनीत नळ्या घातल्या आणि जंतूंचे खाणे सोडले. हे खाणे म्हणजे व्हिनेगरच्या जातीचा एक पदार्थ. बाहेरचे जंतू आणावे लागले नाहीत. मातीत जिओबॅक्टर होतेच. खाणे मिळताच ते वाढले. त्यांनी विजेचे कण गंजाला दिले, तसे युरेनियमलाही दिले. विरघळलेले युरेनियम घट्ट होऊन मातीत बसले. काही ठिकाणी पन्नास दिवसांच्या आत पाण्यातले युरेनियम पुष्कळ उतरले.

इथे तार नव्हती, म्हणून वीजही मिळाली नाही. आणि पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. जवळचा गंज संपत आला तेव्हा दुसऱ्या जातीचे जंतू वाढले. जिओबॅक्टर मागे पडले आणि पाण्यातले युरेनियम पुन्हा वर चढू लागले. यातून एक शिकायचे. धातू मातीत बसला म्हणजे गेला नव्हे. तो तिथेच असतो. त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

वीज किती मिळते?

आता तुम्ही विचाराल, "या विजेवर आमच्या विहिरीचा पंप चालेल का?" आम्ही खरे सांगतो. नाही चालणार.

वाखनिंगनच्या प्रयोगात, हवेची मदत न घेता, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद पडद्यामागे जास्तीत जास्त ०.४३ वॉट वीज मिळाली. म्हणजे अर्ध्या वॉटहूनही कमी. आपल्या घरातला छोटा एलईडी दिवा ५ वॉटचा असतो. तो लावायचा तर १२ चौरस मीटर पडदा लागेल. साधारण दहा फूट रुंद आणि तेरा फूट लांब खोलीच्या जमिनीएवढा. एका दिव्यासाठी!

तरीही छोट्या कामाला ही वीज पुरते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथल्या शास्त्रज्ञांनी याच तत्त्वावर माणसाच्या मुतापासून वीज करून दाखवली. त्या विजेवर मुतारीतला दिवा लागतो. रात्री अंधारात बाहेर जाणाऱ्या मुलीला त्या दिव्याचे मोल विचारा. तो थोडका नाही.

पण धातूच्या पाण्याच्या कामात खरा फायदा निराळा आहे. एरवी पाण्यातून तांबे काढायचे तर वीज घालावी लागते. सांडपाणी साफ करताना त्यात हवा फुंकायलाही पुष्कळ वीज जाते. इथे दोन्हीकडचा खर्च वाचतो. कमाई लहान, पण बचत मोठी, असा हा व्यवहार आहे.

अडचणीही आहेत. पडदा महाग असतो. जंतूंचे काम सावकाश चालते. थंडी पडली की ते आणखी मंद होतात. कारखान्याचे पाणी रोज एकसारखे नसते. म्हणून ही यंत्रे अजून जास्त करून प्रयोगशाळेत आणि लहान प्रमाणावर चालवून पाहिली जात आहेत. आमच्याकडे जंतूंचे यंत्र आहे, आता काळजी नको, असे कुणी सांगितले तर लगेच मान डोलावू नका. बाहेर पडणारे पाणी तपासले का, तपासणीचा कागद कुठे आहे, हे विचारा.

आपण काय करावे?

जंतूंचे यंत्र करणे शास्त्रज्ञांचे काम. पण काही कामे आपली आहेत.

पहिले काम. पाण्याचा संशय आला तर ते तपासून घ्या. ओढ्याला पिवळा, निळसर किंवा हिरवट रंग येणे, मासे मरणे, ही संशयाची खूण. पण धातू पुष्कळदा रंग, वास काहीच दाखवत नाही. जवळ कारखाना किंवा खाण असेल तर पाणी स्वच्छ दिसले तरी तपासावे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवावा. अर्जात 'धातूंची तपासणी करावी' असे स्पष्ट लिहा. नुसते 'पाणी तपासा' लिहिले तर जंतू आणि क्षार तेवढे पाहिले जाण्याचा संभव असतो. धातूंची सोय तिथे नसेल तर नमुना कुठे पाठवायचा, तेही विचारून घ्या.

दुसरे काम. आलेला कागद वाचायला शिका. आता तुम्हाला अक्षरे येतात, आकडे येतात. भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमहून जास्त नसावे. कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमहून जास्त नसावे. शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून जास्त नसावे. एक मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा हजारावा भाग. कागदावरचा आकडा यापेक्षा मोठा असेल तर ते पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका. दुसऱ्या पाण्याची सोय मागा.

तिसरे काम. कारखान्याचा गाळ फुकट मिळतो म्हणून खत समजून शेतात घालू नका. आज गाडीचे भाडे वाचेल, पण पुढे रान जाईल.

चौथे काम. कुणी घाण पाणी ओढ्यात सोडत असेल तर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. पाणी घाण करू नये यासाठी १९७४ सालचा कायदा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करता येते. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते.

जिंझू नदीकाठच्या गावकऱ्यांनी १९७२ मध्ये खाणवाल्यांकडून एक करार लिहून घेतला. गावकऱ्यांनी जाणकारांना बरोबर घेऊन कारखान्यात शिरायचे, पाण्याची तपासणी करायची आणि खर्च कंपनीने सोसायचा. त्याप्रमाणे ते वर्षानुवर्षे तपासणीला जात राहिले. नदीचे पाणी हळूहळू सुधारले. तिथे जंतूंचे यंत्र नव्हते. माणसे जागी होती.

यंत्र उद्या येईल. चांगलेच आहे, येऊ द्या. पण यंत्र आले तरी नजर आपलीच हवी.

ध्यानात ठेवा

धातू कुजत नाही, जळत नाही, उकळून मरत नाही.
तो पाण्यातून पकडूनच बाहेर काढावा लागतो.
काही जंतू घाण खाऊन विजेचे कण देतात. त्या कणांनी विरघळलेले तांबे घट्ट होते.
मिळणारी वीज थोडी असते. खरा लाभ स्वच्छ पाण्याचा.

सांगा पाहू

१. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक का कळकते?
२. धातू मिसळलेले पाणी उकळून प्यायले तर चालेल का? का नाही?
३. जंतूघर आणि धातूघर यांच्यामध्ये पडदा कशाला हवा?
४. तांबे काढताना वीज मिळते, पण जस्त काढताना वीज द्यावी लागते. पाटाचा आणि मोटेचा दाखला देऊन हे समजावून सांगा.
५. तुमच्या गावच्या पाण्याची तपासणी शेवटची केव्हा झाली? तो कागद ग्रामपंचायतीत जाऊन पाहा आणि घरी वाचून दाखवा.

शब्दांचे अर्थ

साका : पाण्याच्या तळाशी बसलेला गाळ
मुलामा : एका धातूवर चढवलेला दुसऱ्या धातूचा पातळ थर
इलेक्ट्रॉन : विजेचा अतिशय बारीक कण
नमुना : तपासणीसाठी घेतलेला थोडा भाग
मानक : सरकारने ठरवून दिलेले माप